अचूकपणाचा शेजार

स्वामीमलैचा मूर्तिकार मेणाला हात लावण्याआधी नारळाच्या झावळीचं एक पातं घेतो. मूर्ती जेवढी उंच करायची तेवढ्या लांबीचं ते कापतो आणि त्याला घड्या घालू लागतो. घडीवर नख दाबलं की रेघ उमटते; त्या घडीची पुन्हा घडी, तिची आणखी एक. शिल्पशास्त्रातल्या उत्तम दशताल मापात देवाच्या उंचीची 124 देहांगुळं धरतात. चेहरा किती, मान किती, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत किती, ते या अंगुळांत ठरलेलं असतं आणि पात्यावरच्या रेघांवरून ते मेणात उतरतं. इंच नाहीत, सेंटिमीटर नाहीत. ते पातं त्या एका मूर्तीपुरतं असतं. शेजारची मूर्ती चार बोटं उंच असेल तर तिचं पातं निराळं. पुढे मेणावर कावेरीच्या गाळाची मऊ माती चढते, मेण वितळून वाहून जातं, त्या पोकळीत धातू उतरतो आणि मग छिन्नी-कानशीचं काम कित्येक दिवस चालतं. एवढ्या लांबच्या वाटेवर त्या पात्यातलं प्रमाण हरवत नाही, याचं नवल वाटावं असं आहे.

मराठी माणसाचं तंजावर बहुतेकदा तंजावर शहरातच संपतं. सरफोजीराजांचा वाडा, सरस्वती महालातली मोडी कागदपत्रं, बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 साली कोरलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास, एवढं पाहून आपण परत फिरतो. पण कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाची खरी कारागिरी पूर्वेकडे कुंभकोणमच्या आसपास, कालव्यांच्या आणि भातखाचरांच्या मधल्या गावांत आहे. स्वामीमलैला पंचधातूच्या मूर्ती, नाच्चियारकोइलला पितळी समया, नरसिंगमपेट्टैला नादस्वर. काम घरात, नाहीतर घराला लागून असलेल्या पडवीत. आणि हे सगळं काम मापाचं आहे. नाच्चियारकोइलच्या समईची बैठक, खांब, तेलाची ताटली आणि वरचं शिखर वेगवेगळं ओतून, लेथवर कातून, आट्यांनी एकमेकांत बसवतात. माणसाच्या उंचीची समई सरळ उभी राहते ती त्या आट्या आणि ते कातकाम नेमकं असतं म्हणून. अचूकपणा म्हणजे मोठं यंत्र, वातानुकूलित खोली आणि पांढरे कोट, ही आपली पक्की समजूत झाली आहे. ही गावं पाहिली की ती डळमळते. मला असं वाटतं की घरच्या कारखान्यात अचूकपणा टिकतो की नाही, हे यंत्रापेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीवर ठरतं: चूक झाली तर ती वेळेवर दाखवून देणारं कोणी जवळ आहे का. हे म्हणणं सोप्या उदाहरणावर तपासण्यात अर्थ नाही, म्हणून सगळ्यांत अडचणीचं उदाहरण घेतो. घरच्या लेथवर इंजिनाचा कॅमशाफ्ट.

हा वेडेपणा नवा नाही. लंडनला ‘मॉडेल इंजिनिअर’ हे मासिक 1898 साली सुरू झालं, तेव्हापासून घरामागच्या खोलीत छोटी इंजिनं बनवणाऱ्यांची एक जमात जगभर आहे, आणि त्यांच्यात कॅमशाफ्टचं नाव निघालं की भलेभले गंभीर होतात. सिलिंडर कातता येतो, पिस्टन कातता येतो, क्रँकशाफ्टही धीराने जमतो, कारण हे सगळे शेवटी गोल भाग आहेत आणि लेथला गोल करणं येतं. कॅमशाफ्टवरचा कॅम गोल नसतो. त्याचा खालचा भाग वर्तुळाचा, तिथे व्हॉल्व्ह बंद राहतो. मग एक हलका चढ, त्यापुढे खरी कूस, मग नाक, आणि तशीच उतरण. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो, आणि त्या एका फेऱ्यात व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती, केवढ्या वेगाने, कधी बसायचा, हे सगळं या एका आकारात आधीच लिहून ठेवलेलं असतं.

अडचण कुठे आहे ते आकड्यांशिवाय कळत नाही. पाण्याच्या पंपाला जोडलेलं साधं डिझेल इंजिन मिनिटाला 1500 फेऱ्यांनी चालतं असं धरू. म्हणजे कॅमशाफ्ट 750 फेऱ्यांनी, सेकंदाला साडेबारा. एका अंशाला सेकंदाचा 4500 वा भाग मिळतो. आता कॅमच्या पृष्ठावर एका अंशाहून पुढच्या अंशाला जाताना एक शतांश मिलिमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीहून बराच लहान, उंचवटा राहिला आहे. मोजायला गेलं तर ती चूक क्षुल्लक. पण एवढ्या कमी वेळात टॅपेटला, म्हणजे कॅमवर टेकून व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागाला, तेवढं उचलायचं तर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 20 पट धक्का बसतो. इंजिनाच्या फेऱ्या दुप्पट करा, धक्का चौपट होतो, 80 पटीवर जातो. म्हणून कॅमच्या बाबतीत आकार थोडा लहानमोठा झाला तर चालून जातं. सगळं पृष्ठ एकसारखं दोन शतांश कमी असेल तर टॅपेटचा स्क्रू फिरवून भरपाई होते. न चालणारी गोष्ट म्हणजे खडबड. चुकीच्या आकड्यापेक्षा चुकीचा बदल जास्त घातक. आणि नेमकी हीच चूक साध्या मायक्रोमीटरला दिसत नाही, कारण मायक्रोमीटर एका जागी एक माप सांगतो, शेजाऱ्याशी त्याचं काय नातं आहे ते सांगत नाही.

घरचा कारागीर यावर काय करतो तेही जवळून पाहण्यासारखं आहे. शाफ्ट डिव्हायडिंग हेडमध्ये धरायचा. त्याच्या मुठीचे चाळीस फेरे म्हणजे शाफ्टचा एक, म्हणजे मुठीच्या एका फेऱ्याला नऊ अंश. छिद्रांच्या तबकडीवर मोजून अंशाअंशाने पुढे जायचं. जवळ एक तक्ता: अमुक अंशाला टॅपेट अमुक उचलला पाहिजे. टॅपेट सपाट तोंडाचा असेल तर एक सोय निघते. कटरचं सपाट अंग हाच टॅपेट समजायचा, आणि तक्त्यातलं माप थेट त्याच्या खोलीला लावायचं. प्रत्येक अंशाला एक कात, हात न थरथरता, तक्त्यातली ओळ न चुकता. झाल्यावर कॅमवर बारीक बारीक सपाट पट्ट्या उठतात. 15 मिलिमीटर त्रिज्येच्या कॅमवर एका अंशाची पट्टी जेमतेम पाव मिलिमीटर रुंद. पृष्ठावर निळा रंग लावायचा आणि तेलदगडाने त्या पट्ट्यांच्या कडा घासत आणायच्या, रंग सगळीकडून एकदम नाहीसा व्हायच्या बेतात येईपर्यंत. एखाद्या जागी दगड दोनदा जास्त फिरला तर तिथे खळगा झाला, आणि खळगा भरून काढता येत नाही.

डिव्हायडिंग हेड आणि ते नारळाचं पातं एकाच कुळातले आहेत. दोघांनाही लांबीशी देणंघेणं नाही. एक संपूर्ण वस्तू घ्यायची आणि तिचे सारखे भाग पाडायचे, उंचीचे 124 किंवा वर्तुळाचे 360. भाग पाडणं ही जगातली सगळ्यांत स्वस्त अचूकता आहे, कारण तिला बाहेरचं प्रमाण लागत नाही. सगळे भाग मिळून पूर्ण होतात की नाही, ही तिची तपासणी तिच्यातच आहे. घरच्या कारागिराला कॅमचे अंश बिनचूक मिळतात ते यामुळे. तो अडतो ती दुसरी बाजू आहे, त्या अंशाला किती उंची. तिथे लांबी आली, शतांश मिलिमीटर आले, आणि तिथे स्वतःतच पुरी होणारी तपासणी नाही.

मग धातू. बारीक, लांब शाफ्ट दोन सेंटरमध्ये धरून कातायला गेलं की तो मध्यभागी कटरपासून लवतो. टोकाला एक माप, मध्ये दुसरं. थंड ओढलेला चकचकीत गज घेतला असेल तर त्याच्या कातडीत ताण दडलेला असतो. एका अंगाने धातू काढला की गज त्या ताणाने वाकतो, चक सोडल्यावर कळतं. म्हणून जाणते लोक आधी ढोबळ कातून तो तसाच ठेवून देतात, मग पुन्हा धरतात. जुने इंजिनवाले बिडाच्या ओतीव भागांना महिनोन्‌महिने उघड्यावर पडू देत, उन्हापावसात त्यांचा ताण उतरावा म्हणून. यानंतर पाणी द्यायचं, कारण मऊ कॅम टॅपेटखाली काही तासांत झिजून जाईल. आणि पाणी दिलं की तापून-थंडावून शाफ्ट पुन्हा वाकडा. घासणीसाठी जे राखून ठेवलं होतं ते सरळ करण्यातच संपतं. या फेऱ्यातून सुटण्यासाठी काही जण कॅम सुटे बनवतात, एकेकाला पाणी देऊन पुरे करतात आणि सरळ शाफ्टवर ठरल्या कोनात चिकटवतात किंवा ठोकून बसवतात. मला ही युक्ती शहाणपणाची वाटते. चूक झालीच तर एका कॅमपुरती राहते.

आता नरसिंगमपेट्टैला येऊ. कुंभकोणमहून मयिलादुतुरैला जाताना वाटेत हे गाव लागतं. इथे नादस्वर ज्या लाकडाचं होतं त्याला तिकडे आच्चा म्हणतात. आपल्या खानदेशात त्याच झाडाला अंजन म्हणतात. ताजं लाकूड चालत नाही. जुनी घरं पाडताना निघालेले, कित्येक दशकं छपराखाली वाळलेले वासे कारागीर विकत घेतो. ज्या कारणाने इंजिनवाला बीड उन्हात टाकून ठेवायचा तेच कारण इथे आहे: आतला ताण काळाने काढून टाकलेला असला पाहिजे, नाहीतर भोक पाडल्यावर लाकूड हलेल. मग तो तुकडा लेथवर कातायचा आणि त्यात वरून अरुंद, खाली रुंद होत जाणारं लांब निमुळतं भोक पाडायचं. हे भोक म्हणजेच वाद्य. बाहेरून दिसणारं सगळं त्याची गवसणी. बोटांची सात छिद्रं, खाली आणखी पाच, जी कमीजास्त मेणाने बुजवून स्वर जागेवर आणता येतो.

टी. एन. राजरत्नम पिळ्ळै (1898–1956) हे नादस्वराचे थोर वादक. त्यांचं नाव जोडलं गेलं ते तिरुवावडुतुरैशी, आणि हे गाव नरसिंगमपेट्टैपासून काही किलोमीटरवर आहे. पूर्वीच्या आखूड, उंच पट्टीच्या नादस्वरात शुद्ध मध्यम सरळ लागत नसे. वादकाने फुंकीने आणि बोटाने तो ओढून आणावा लागे. नरसिंगमपेट्टैच्या रंगनाथन आसारींनी राजरत्नम यांच्यासाठी लांब, खालच्या पट्टीचं ‘पारी’ नादस्वर घडवलं, त्यात तो मध्यम जागेवर आला. शिवाय ज्या जिभाळीतून नादस्वर वाजतं ती शीवाळी बनवणारे कारागीरही तिरुवावडुतुरैलाच, आणि तिचं नाणल गवत नदीकाठचं. लाकूड कातणारा, जिभाळी कापणारा आणि फुंकणारा, असे तिघे सकाळी निघून दुपारी एकमेकांकडे पोचतील इतक्या अंतरात. कोणत्याही प्रयोगशाळेला हेवा वाटावा असा हा शेजार आहे. मध्यम लागत नाही ही तक्रार वर्षभराने पत्राने येत नाही; वादक समोर बसून वाजवतो आणि कारागिराला ती ऐकू येते.

इथे जाणता वाचक हात वर करील, आणि त्याने करावाही. कान ही फार उदार कसोटी आहे, तो म्हणेल. तयार कानाला अर्ध्या स्वराच्या विसाव्या भागाचा फरक जाणवतो असं धरलं, तर हवेच्या साठ सेंटिमीटर लांबीच्या स्तंभात तो ढोबळमानाने दीड-दोन मिलिमीटर होतो. शिवाय वादक फुंक आवळून, छिद्र अर्धं झाकून स्वर कुठेही नेऊ शकतो. कॅमला शतांश मिलिमीटर लागतो आणि टॅपेट कोणाचीही चूक सांभाळून घेत नाही. मग ही तुलना कसली? आक्षेप बरोबर आहे. कॅम शंभर पटींनी कठीण आहे आणि नादस्वर घडवणाऱ्या हातांनी तो आपोआप घडेल असं मी म्हणत नाही. (जिभाळीजवळच्या अरुंद टोकाला भोकातला फरक लांबीतल्या फरकापेक्षा फार जास्त बोलतो, तेव्हा सगळं नादस्वर दीड मिलिमीटरच्या ढिलाईने चालतं असंही समजू नये.) पण माझा मुद्दा चुकीच्या मापाचा नाही, चूक कळण्याच्या वेळेचा आहे. नादस्वरातली चूक पहिल्या फुंकीला कळते, तेव्हा लाकूड अजून हातात असतं. कॅममधली चूक इंजिन जोडून, सुरू करून, कित्येक तास चालवल्यावर कळते, आणि तीही टॅपेटचं तोंड सोलून निघाल्यावर. कोणत्या कॅमने, कोणत्या अंशाला, का, ते इंजिन सांगत नाही. घरच्या कॅमवाल्याची अडचण हातातल्या कौशल्याची जितकी आहे त्याहून जास्त या उशिराची आहे.

हे पटत असेल तर उपायही त्याच बाजूने शोधावा लागतो, आणि जाणते लोक तसाच शोधतात. ते नवा लेथ घेण्याआधी चांगला डायल गेज घेतात. एक चांगला, न झिजलेला मूळ कॅमशाफ्ट मिळवून तो सेंटरमध्ये धरून अंशाअंशाने मोजतात. मग आपला कॅम तसाच धरून टॅपेटच्याच आकाराचं टोक गेजला लावतात, आणि मापं कागदावर नुसती लिहून न थांबता शेजारच्या मापांतला फरक काढतात, मग त्या फरकांतला फरक. पहिल्या स्तंभात न दिसलेला खळगा तिसऱ्या स्तंभात उठून दिसतो. थोडक्यात, इंजिनाने महिन्याभरात जे सांगितलं असतं ते कागदाकडून संध्याकाळपर्यंत वदवून घेतात. वादक शेजारी राहत नसेल तर त्याला असा आणून बसवावा लागतो.

तंजावरी वीणेत हीच समजूत दुसऱ्या रीतीने दिसते. तिचे 24 पितळी पडदे लाकडात ठोकलेले नसतात. काळ्या मेणाच्या दोन उंचवट्यांवर ते बसवतात. मेण गरम करून पडदा सरकवायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा सरकवायचा. काही वर्षांनी पडदे झिजतात, मेण कडक होतं, मग सगळे पडदे काढून नव्याने बसवतात. जिथे अचूकपणा कायमचा टिकणार नाही हे ठाऊक आहे, तिथे तो पुन्हा करता येईल अशी जागा ठेवली आहे. इंजिन घडवणाऱ्यांनीही टॅपेटला स्क्रू ठेवला तो याचसाठी, आणि फिलर गेजची पातळ पट्टी मधून ओढून तो लावता येतो. पण कॅमच्या अंगावर अशी जागा नाही. त्याला मेण लावता येत नाही. घरच्या कारागिराला कॅम इतका छळतो याचं मला हेही एक कारण वाटतं: इंजिनात जे काही चुकतं त्यातलं बरंच नंतर जुळवून घेता येतं, याला मात्र पहिल्यांदाच बरोबर यावं लागतं.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. हे सगळं करायचंच कशाला? आपल्याच सोलापूरला 1992 साली स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी जगातल्या मोठ्या मोटारकंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवते. तिथे ज्या प्रकारच्या कॅमशाफ्टने नाव मिळवलं तो चिल्ड बिडाचा: साच्यात कॅमच्या जागी लोखंडी चिल बसवायचे, त्यांना टेकलेलं बीड झटकन थंड होऊन काचेसारखं कडक होतं, आणि मधला शाफ्ट सावकाश थंड होऊन कातण्याजोगा मऊ राहतो. पाणी द्यायचं काम ओतण्यातच होऊन जातं. घरच्या भट्टीवर हे जमवणं फार अवघड. तेव्हा कारखान्याशी स्पर्धा करायचा प्रश्नच येत नाही. पण कारखाना हजारोंनी बनवतो, आणि हजारोंनीच बनवणं त्याला परवडतं. ज्या इंजिनाचे सुटे भाग बंद होऊन पिढी उलटली त्याच्या एका कॅमशाफ्टसाठी कोणी साचा करत नाही. त्या एका नगाची जागा घरच्या कारखान्याची आहे. स्वामीमलैचं पातं जसं एका मूर्तीपुरतं, तसं ते काम एका इंजिनापुरतं. शिवाय कारखान्यातही अचूकपणा यंत्राच्या पोटातून निघत नाही; प्रत्येक नग मोजणारी व्यवस्था तिथे यंत्राच्या शेजारी उभी असते. म्हणजे कारखान्यानेही तो शेजार पैसे मोजून उभा केला आहे.

राहिला तिसरा आक्षेप, आणि तो मला सगळ्यांत जड जातो. हे शेजार मोडत चालले आहेत. नरसिंगमपेट्टैच्या नादस्वराला 2022 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे नावाला संरक्षण मिळालं. पण मानांकनाने जुने वासे मिळत नाहीत. त्रिभुज प्रदेशात आता घरं सिमेंटची बांधली जातात. आज पाडलेल्या घरातून वाळलेला आच्चा मिळाला, पण आज बांधलेल्या घरातून शंभर वर्षांनी काय मिळणार? इंजिनाच्या बाजूलाही तेच आहे. शेतावरचं डिझेल इंजिन मागे पडून विजेचे पंप आले, आणि कानाला काडी लावून टॅपेटचा आवाज ओळखणारे मिस्त्री कमी होत गेले. यंत्र विकत आणता येतं, डायल गेज आणता येतो, तक्ता छापून मिळतो. ‘इथे ठीक नाही’ असं सांगणारा माणूस आणि दशकानुदशकं वाळलेलं लाकूड, या दोन गोष्टी मागवून येत नाहीत. पहिलीची सोय कागदावरच्या तीन स्तंभांनी थोडीफार होते असं वर म्हटलं. दुसरीसाठी कोणी आज नवे वासे छपराखाली रचून ठेवायला हवेत, पुढल्या शतकात कोणीतरी त्यातून भोक पाडील या भरवशावर. आणि ते कोणाच्या छपराखाली, कोणाच्या खर्चाने, हे अजून कोणी ठरवलेलं दिसत नाही.